अन्याय करणाऱ्याचं नाव

सिरिल टॉस्टेविनला आयुष्यात दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे त्याच्या काचघरातले टोमॅटो, आणि दुसरी म्हणजे त्याच्या सात पिढ्यांत इंग्रज रक्ताचा एक थेंबही नसणं. टोमॅटोचा अभिमान तो हंगामापुरता मिरवायचा, रक्ताचा बारा महिने.

"इंग्लंड आमचं आहे, आम्ही इंग्लंडचे नाही," हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. त्याचं गणित सोपं होतं. नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या आमच्या नॉर्मंडीच्या ड्यूकने समुद्र ओलांडला आणि इंग्लंड जिंकून घेतलं. पुढे त्याच्या वंशजांनी नॉर्मंडी घालवली, पण समोरच्या समुद्रातलं गर्न्सी आणि आजूबाजूची ही बोटभर बेटं काही सुटली नाहीत. तेव्हा लंडनला राहणारी राणी आमची कोण? ड्यूक. बाईमाणूस असली तरी ड्यूकच. जेवणावळीत आम्ही पेला उचलतो तो "राणी, आमची ड्यूक" असं म्हणून. कायदे आमचे, कोर्ट आमचं, नोटा आमच्या, टपालाची तिकिटंसुद्धा आमची. फक्त परदेशाशी बोलणी करायची असली की आमच्या वतीने लंडन बोलतं, आणि काय बोललं ते आम्हाला सावकाश कळतं.

सिरिलने इंग्लंडात पाऊल टाकलं नव्हतं. एकदा टाकलं होतं, पण ते तो धरत नसे. चाळीस सालच्या जूनमध्ये जर्मन येणार म्हणून बेटावरची पोरंबाळं बोटींत भरून इंग्लंडला हलवली, तेव्हा सहा आठवड्यांचा सिरिल आईच्या कडेवर होता. लढाई संपल्यावर पाच वर्षांचा होऊन परत आला. "मला नेलं होतं, मी गेलो नव्हतो," असं म्हणून तो विषय संपवायचा. आमच्या टॉर्टेव्हल गावच्या लोकांना बाकीचं बेट गाढवं म्हणतं, आणि आम्ही ते कौतुक समजून घेतो. तेव्हा त्याच्याशी वाद घालायला कुणी जात नसे.

आता ही गोष्ट शहाऐंशी सालच्या सप्टेंबरातली. सिरिलची एकुलती एक मुलगी इवेट तेवीस वर्षांची. बंदरावरच्या एका छपरीत ती बोटींची शिडं शिवायची. लहानपणी बाहुलीचे कपडे शिवायच्या वयात तिने आजीच्या चादरीचं शीड करून तळ्यात होडी सोडली होती, आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता. तिचं काम पाहून समुद्रापलीकडच्या, फ्रान्सातल्या साँ मालोमधल्या मादाम केर्वेला यांनी तिला पत्र पाठवलं. मादामचा शिडांचा कारखाना तीन पिढ्यांचा, आणि मागे कुणी नाही. "हात शिकवून मिळतो, नजर मिळत नाही. तुझ्याकडे नजर आहे," असं त्यांनी लिहिलं होतं. "एक ऑक्टोबरपर्यंत जागा ठेवते. त्यानंतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." इवेटने ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर ते फाटलं, मग तिने ते शिडाच्या दोऱ्याने शिवलं.

साँ मालो बोटीने दोन तासांवर. लागायचा तो फक्त पासपोर्ट.

मंगळवारी सकाळी बापलेक शहरात पासपोर्टच्या कचेरीत गेले. खिडकीमागे रोबिलियार होता, सिरिलचा शाळासोबती. अर्ज सिरिलने स्वतः भरला होता. आईवडील कुठे जन्मले, आजीआजोबा कुठे जन्मले, या रकान्यांत त्याने प्रत्येक ठिकाणी ठसठशीत अक्षरांत 'गर्न्सी' लिहिलं होतं. एवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून समासात आणखी लिहिलं होतं, 'पणजोबा-पणज्या आठही गर्न्सीच. इंग्लंडशी संबंध नाही.'

रोबिलियारने ते वाचलं, चष्मा काढला, परत घातला.

"सिरिल, हे समासातलं तुला कुणी विचारलं होतं का रे?"

"विचारलं नसलं तरी खरं आहे."

"तेच तर वाईट आहे." त्याने खणातून एक चौकोनी रबरी शिक्का काढून टेबलावर ठेवला. "इवेट, पासपोर्ट मिळेल. पण त्यावर हा उमटवावा लागेल."

इवेटने शिक्क्याची उलटी अक्षरं वाचायचा प्रयत्न केला. रोबिलियारनेच ती पाठ म्हणून दाखवली, "धारकास युरोपीय समुदायातील नोकरी व स्थायिक होण्याविषयीच्या तरतुदींचा लाभ घेता येणार नाही."

"म्हणजे?" इवेटने विचारलं.

"म्हणजे साँ मालोला जा, फीर, मासे खा, परत ये. नोकरी नाही."

सिरिल हसला. त्याला वाटलं गंमत चाललीय. "अरे, आपण ब्रिटिश ना?"

"हो."

"ब्रिटन युरोपच्या बाजारात आहे ना?"

"आहे. पण आपण ब्रिटनमध्ये नाही."

"ते मला नको सांगूस, ते मी जन्मभर सांगतोय. मग आपण युरोपच्या बाहेर?"

"पूर्ण बाहेरही नाही. लंडनने करार केला तेव्हा आपल्यासाठी वेगळं कलम घातलं. आपला माल आत, आपली माणसं बाहेर." रोबिलियारने दिलगिरीने हात पसरले. "तुझा टोमॅटो उद्या फ्रान्सात जाऊन बिनधास्त राहू शकतो, सिरिल. तुझी मुलगी नाही."

"हे कुठलं कलम? माझ्या मुलीपेक्षा टोमॅटो मोठा?"

"बरं, यातून सुटकाही आहे. बाप, आई, आजी, आजोबा यांतलं एक जरी कुणी इंग्लंडात जन्मलं असतं तर हा शिक्का लागला नसता. ओझानबाईंचंच बघ." रोबिलियारने रांगेत मागे उभ्या असलेल्या, हातात भाजीची पिशवी घेतलेल्या बाईंकडे मान केली. "त्यांची आजी लीड्सची. त्या उद्या रोममध्ये दुकान टाकू शकतात."

"मला काय करायचंय रोममध्ये?" ओझानबाई म्हणाल्या. "मी बहिणीकडे माल्टाला चाललेय."

"दुसरा मार्ग म्हणजे," रोबिलियार इवेटला म्हणाला, "इंग्लंडात जाऊन पाच वर्षं राहायचं. पाच वर्षांनी शिक्का निघतो."

इवेट खिडकीशी पुढे झाली. "दोन तासांवरच्या गावात जायला मी पाच वर्षं उलट्या दिशेला जाऊन राहू? काका, एक ऑक्टोबरला पंधरा दिवस आहेत."

"मी कायदा केला नाही, बाळ."

"मग कुणी केला?" सिरिलचा आवाज चढला.

रोबिलियारने खाली बघत शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला, आणि इवेटच्या कोऱ्या पासपोर्टाचं पान उघडलं. तिने ओठ दातांत धरला होता. सिरिलला ती तळ्याच्या काठावर, ओली चादर हातात घेऊन रडू आवरणारी सात वर्षांची पोर दिसली. मार देणारा तोच होता.

त्याने टोपी काढली, रांगेतल्या लोकांच्या पायांशी गुडघे टेकले, आणि काचा हादरतील अशा आवाजात ओरडला:

"हारो! हारो! हारो! धाव, माझ्या राजा! माझ्यावर अन्याय होतोय!"

आमच्याकडे ही हाक हजार वर्षांची आहे. कुणी तुमची भिंत पाडायला लागला, तुमच्या शेतातून रस्ता काढायला लागला, तर दोन साक्षीदारांसमोर उघड्या डोक्याने गुडघ्यावर बसून ड्यूकला हाक मारायची आणि जुन्या भाषेत प्रभूची प्रार्थना म्हणायची. ती कानावर पडली की समोरच्याने हातातलं काम जागच्या जागी थांबवायचं. बरोबर कोण आणि चूक कोण ते कोर्ट मागाहून बघेल. ही हाक जमीनजुमल्यासाठी असते, रबरी शिक्क्यासाठी नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हाक ती हाक. रोबिलियारही इथलाच. त्याचा हात पानापासून वीतभर अंतरावर थांबला आणि तिथेच राहिला.

सिरिलने प्रार्थना पुरी केली. मध्ये एक ओळ विसरला, ती ओझानबाईंनी सांगितली.

"झालं?" रोबिलियारने विचारलं. त्याने शिक्का पुसून खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. "आता चोवीस तासांच्या आत कोर्टाच्या दप्तरखान्यात लेखी नोंद कर. नाही केलीस तर दंड. आणि केलीस आणि खोटी निघाली तरी दंड. तू तर बाबा आगीतून फुफाट्यात गेलास."

*

बोटभर बेट. सिरिलची गाडी टॉर्टेव्हलला पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्याची बायको रूथ दारातच उभी होती.

"गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये बसत नाहीस, आणि कचेरीत बसलास?" ती म्हणाली. "लोक गाढव म्हणतात ते उगीच नाही."

"शिक्का थांबला की नाही?"

"उद्यापर्यंत. परवा काय करणार आहेस, डोक्यावर उभा राहणार?"

सिरिलला खरोखरच माहीत नव्हतं परवा काय करायचं. जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. तो मनाशी हिशेब लावत होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येत होतं. आपण ब्रिटिश, पण ब्रिटनचे नाही. ड्यूकचे, पण ड्यूककडे नॉर्मंडी नाही. युरोपात, पण फक्त पेटीत भरून. जन्मभर ज्याच्यावर छाती फुगवली तेच आज पोरीच्या आड आलं होतं. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. ज्यांच्या आजीने लीड्समध्ये जन्म घेतला त्यांना सगळी दारं उघडी, आणि जे हजार वर्षं इथून हलले नाहीत त्यांना बंद! त्याला पहिल्यांदाच आपल्या सात पिढ्यांचा राग आला.

संध्याकाळी तो आईकडे गेला. घराचा एक तृतीयांश भाग विधवेचा, अशी आमची रीत. आदेल टॉस्टेविन त्या तिसऱ्या हिश्श्यात, वेगळ्या दाराने, वेगळ्या चुलीवर राहायची. सत्तरीला टेकलेली, ताठ, कमी बोलणारी. खिडकीशी बसून ती उद्या मडक्यात शिजवायला वाल निवडत होती. खुंटीवर तिची तपकिरी फेल्टची हॅट होती. रविवारी ती घालायची आणि आल्यावर स्वतःच्या हाताने खुंटीला लावायची. त्या हॅटला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. इवेटने एकदा लहानपणी घातली तर आजीने तिच्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

"ऐकलंस ना?" सिरिल म्हणाला.

"ऐकलं. टोपी काढली होतीस?"

"हो."

"प्रार्थना पुरी म्हणालास?"

"एक ओळ अडखळलो. पण म्हणालो."

"आणि म्हणालास, माझ्यावर अन्याय होतोय?"

"अगं, तेच तर म्हणायचं असतं!"

तिने वालाचा एक दाणा बोटांत धरून ठेवला. मग विचारलं, "इवेट कुठेय?"

"खोलीत. दार लावून बसलीय. आई, त्या अर्जात मी लिहिलं ते खरंच ना गं? कुणीतरी, एखादी आजी, पणजी, चुकून तिकडे जन्मलेली... तुमच्या माहेरात?"

हा प्रश्न त्याच्या तोंडून यावा, याची त्यालाच लाज वाटली. आदेलने हातातला दाणा बाजूला ठेवला.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "काही लिहून द्यायच्या आत मला यायचंय."

"तुझं काय काम तिथे?"

"येते म्हटलं ना."

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दप्तरखान्यात सगळे जमले: सिरिल, इवेट, हॅट घालून आदेल, आणि थांबवलेला पक्ष म्हणून रोबिलियार, शिक्का आणि पासपोर्ट ठेवलेली कुलूपबंद पेटी घेऊन. टेबलामागे कारकून गॅलियेन. सिरिलला तीस वर्षं ओळखणारा माणूस, पण कामावर असताना सख्ख्या भावालाही नाव-गाव विचारणारा. त्याने जाडजूड नोंदवही उघडली.

"हाक मारली कुठे, कधी, कुणासमोर, ते झालं. आता अन्याय काय?"

"मुलीच्या पासपोर्टावर शिक्का."

गॅलियेनने नाक खाजवलं. "ही हाक जमिनीसाठी असते हे तुला माहीत आहे."

"माझ्या पायाखालची जमीनच काढून घेतलीय. आणखी काय पाहिजे?"

"बरं. ते न्यायाधीश बघतील." त्याने पेन टेकवलं. "अन्याय करणाऱ्याचं नाव?"

"म्हणजे?"

"हाक कुणाविरुद्ध आहे? इथे नाव लागतं. रकाना मोकळा सोडता येत नाही."

सिरिलने रोबिलियारकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" रोबिलियार म्हणाला. "मी शिक्का मारतो. ठरवत नाही. तो लंडनच्या करारात ठरला."

"मग लंडन लिहा."

"लंडनचं पार्लमेंट?" गॅलियेनने विचारलं. "त्यांची हुकमत इथे चालत नाही असं तूच दर रविवारी सांगतोस. ज्यांचा हुकूम आपल्यावर चालत नाही, ते आपल्यावर अन्याय कसा करतील?"

"मग ब्रसेल्स."

"त्यांनी फक्त लंडनचं म्हणणं मान्य केलं."

"आपली विधानसभा?"

"त्यांनी हे कलम मागितलं होतं. बाहेरची माणसं इथे येऊन घरं घेऊ नयेत म्हणून. तूही तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्यास, मी तुझ्या शेजारी उभा होतो."

सिरिलने वाजवल्या होत्या.

"करारावर सही राणीच्या सरकारची," रोबिलियार हळूच म्हणाला.

"राणीविरुद्ध लिहिता येणार नाही," गॅलियेन म्हणाला. "तूच तिला हाक मारलीस. 'धाव, माझ्या राजा' म्हणून. ड्यूकविरुद्ध ड्यूककडेच दाद मागायची, हे या वहीत आजवर कुणी केलेलं नाही." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "सिरिल, अकरापर्यंत वेळ आहे. कुणाचं तरी नाव सांग."

एवढा मोठा अन्याय डोळ्यांसमोर धडधडीत उभा होता, आणि तो करणारा म्हणून कुणी सापडत नव्हता. इवेट खिडकीबाहेर बंदराकडे बघत होती. साँ मालोची बोट सुटायच्या तयारीत होती.

"लिहा," आदेल म्हणाली. "आदेल टॉस्टेविन."

"आजी, तुमची साक्ष असेल तर नंतर घेऊ," गॅलियेन म्हणाला.

"साक्ष नाही. त्या रकान्यात लिहा. अन्याय करणारी, आदेल टॉस्टेविन."

सिरिलला वाटलं, काल रात्री झोप लागली नसेल, म्हातारीला भ्रम झालाय. "आई, बस तू. इवेट, पाणी आण."

"भ्रम नाही झाला मला." आदेलने हॅट काढली. तिचं उघडं डोकं सिरिलने घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं. तिने ती हॅट इवेटच्या हातात दिली. "आतलं अस्तर उसव. तुझा हात हलका आहे."

इवेट गोंधळून बापाकडे बघत राहिली. मग तिने खिशातला छोटा चाकू काढला आणि अस्तराची कड धरली. "आजी, हा टाका तुझा नाही."

"खालच्या कडेचा माझा. बाकीचा तिचा, जिने हॅट केली. आधी उसव."

अस्तराखालून घडी घातलेले दोन कागद निघाले. इवेटने एक उघडला आणि वाचला. जन्माचा दाखला. रेमंड क्लेग, जन्म चौदा एप्रिल एकोणीसशे चाळीस, स्टॉकपोर्ट, इंग्लंड. आई, डोरिस क्लेग, हॅटच्या कारखान्यात कामगार. बापाच्या जागी रेघ.

"हा कोण?" सिरिलने विचारलं.

आदेलने त्याच्याकडे न बघता सांगितलं. फार सांगितलं नाही, आणि तिचा आवाजही कुठे अडला नाही. पंचेचाळीस वर्षं मनात पाठ केलं असावं.

"स्टॉकपोर्टला आम्हाला एका घरात दोन खोल्या मिळाल्या. शेजारच्या खोलीत डोरिस. तिचा मुलगा आणि माझा सिरिल, एका महिन्याचा फरक. ती कामाला जायची, मी दोघांना सांभाळायची. ही हॅट तिने मला नाताळासाठी केली होती. डिसेंबरात बाँब पडले, ती कारखान्यातून परत आली नाही. जानेवारीत सिरिलला डांग्या खोकला झाला. नऊ दिवस."

इवेटने चाकू मिटून खिशात ठेवला.

"सिरिल तिथेच आहे. चर्चच्या मागे, भिंतीशी. नावाची लाकडी पाटी होती, आता असेल की नाही कोण जाणे. माझ्या मांडीवर एकच मूल उरलं, आणि त्याला अनाथालयात नेणार होते. पाद्रीबाबा म्हणाले, तू घे. दुसरा कागद त्यांचंच पत्र, हे सगळं लिहिलेलं. आणि मग वर्षाने बेटावरून निरोप आला. इथे जर्मन बसलेले, रेडक्रॉसमार्फत पंचवीस शब्दांपेक्षा जास्त लिहिता यायचं नाही तेव्हा. माझा नवरा निकोलस इथेच राहिला होता, त्याने लिहिलं होतं, 'सिरिल चालतो का?'" तिने पहिल्यांदा मान वर केली. "मी काय उत्तर देणार होते, पंचवीस शब्दांत? तू चालत होतास. मी लिहिलं, चालतो."

सिरिल खुर्चीत बसला. आपण बसलो हे त्याला कळलं नाही. आठही पणजोबा-पणज्या त्याच्या डोळ्यांसमोरून उठून निघून गेले, आणि त्यांच्या जागी एक बाई हॅटचं अस्तर शिवत बसली होती, जिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. एवढी वर्षं तो ज्या इंग्लंडला नावं ठेवत आला, तिथे एका भिंतीशी त्याच्याच नावाचं थडगं होतं. मग मी कोण, हा प्रश्न त्याला पडला.

"काल तू गुडघ्यावर बसून ओरडलास, माझ्यावर अन्याय होतोय म्हणून," आदेल म्हणाली. "ड्यूकसमोर खोटं चालत नाही. अन्याय झाला, तो मी केला. तुझं नाव घेतलं, तुझी आई घेतली. आणि कालपासून तुझ्या मुलीची वाट अडवून बसले."

"आजी," इवेट म्हणाली. ती रडत होती. "मला नाही जायचं कुठे. शिवून टाकते मी हे परत."

"गप बस. तुझ्यासाठीच काढलंय."

सिरिलने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

आदेलने खांद्यावरची शाल सारखी केली. "त्या सिरिलच्या उजव्या कानामागे डाग होता. वाटाण्याएवढा, लाल. निकोलस त्याचा मुका घ्यायचा, सहा आठवडे रोज. पंचेचाळीसला आम्ही बोटीतून उतरलो, घरी आलो. त्याने तुला स्वतः आंघोळ घातली. मी दारात उभी होते. त्याने तुझा कान दुमडला, मागे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग तुला टॉवेलात गुंडाळून म्हणाला, 'डाग गेला वाटतं. तिकडचा साबण भारी असेल.'"

"आणि?"

"आणि काही नाही. मरेपर्यंत तो विषय निघाला नाही."

सिरिलला बाप आठवला. काचघरात त्याचा कान पकडून उभा करायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, बघा, अस्सल टॉर्टेव्हलचं गाढव. रक्ताचं ते सगळं वेड त्यानेच सिरिलच्या डोक्यात भरलं होतं, रोज, खत घालावं तसं. सिरिलने हात उजव्या कानामागे नेला. तिथे काही नव्हतं.

रोबिलियारने दोन्ही कागद दोनदा वाचले. मग पेटी उघडली, शिक्का तसाच राहू दिला आणि इवेटचा पासपोर्ट काढून तिच्यासमोर ठेवला. "कायदा मला एवढंच विचारायला सांगतो की बाप जन्मला कुठे. कागद सांगतो, स्टॉकपोर्ट. सिरिल, नवा अर्ज भर. आणि या खेपेला समासात काही लिहू नकोस."

इवेटने पासपोर्टाला हात लावला नाही. ती बापाकडे बघत होती.

"घे," सिरिल म्हणाला. "त्यासाठीच तर ओरडलो होतो."

गॅलियेनने खाकरून पेन उचललं. अकराला पाच मिनिटं होती. "तर सिरिल... म्हणजे... नोंद करायचीच आहे. अन्याय करणारी, आदेल टॉस्टेविन. असंच लिहू?"

आदेल ताठ बसली होती, हात मांडीवर, उघड्या डोक्याने. शिक्षा ऐकायला आल्यासारखी.

"नका लिहू," सिरिल म्हणाला. "हाक खोटी होती. दंड लावा."

"खोटी?"

"खोटी. हाक मारणाऱ्यावर कसलाही अन्याय झालेला नाही. हे असंच, याच शब्दांत लिहा."

"विचार कर. दंडाची नोंद कायमची राहते."

"राहू दे की."

गॅलियेनने मागची पानं उलटून दंडाची पानं काढली आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "नाव?"

टेबलावर दाखला उघडा पडला होता. सिरिलने तो एकदा वाचला, मनातल्या मनात ते नाव एकदा म्हणून पाहिलं. अनोळखी माणसाचं नाव होतं ते. चांगला माणूस असावा.

"सिरिल टॉस्टेविन."

"वडील?"

"निकोलस टॉस्टेविन."

"आई?"

"ही काय, समोर बसलीय," सिरिल खेकसला. "दिसत नाही का तुम्हाला?"

गॅलियेनने चष्मा पुसला आणि आदेलचं नाव आईच्या रकान्यात लिहिलं.